मंडळी मागून येताहेत

बाइंडरच्या शिकंजात त्या सकाळी पुस्तक नव्हतं. दोन लाकडी फळ्यांमध्ये घट्ट आवळून ठेवली होती त्याची स्वतःची लोकरी कानटोपी. धुतल्यावर ती फुगली होती आणि कानांवर बसेना, म्हणून त्याने तिला रात्रभर दाबाखाली ठेवलं होतं. आता स्क्रू सैल करून तो तिच्याकडे कौतुकाने बघत होता. टोपी एखाद्या काव्यसंग्रहासारखी सपाट झाली होती.

"टोपी आहे ती," दारातून बायको म्हणाली, "ज्ञानकोश नाही."

"बसेल आता कानांवर."

"डोकंही घाला की त्या फळ्यांत. दोन्ही एका मापाची होतील."

बाइंडर हसला नाही. हिवाळी फेरीच्या बाबतीत तो हसण्याच्या पलीकडे गेला होता. गावातली चार सायकलवाली मंडळी दर हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीत पहाटे निघायची, शेतांमधून, कालव्याच्या कडेने, टेकड्यांच्या मागच्या विश्रामगृहापर्यंत जायची आणि दुसऱ्या दिवशी परतायची. जाताना ती बाइंडरच्या दुकानावरून जात. पुठ्ठ्याला खळ लावता लावता तो दाराच्या फटीतून बघायचा. धुक्यात दिसायचं काहीच नाही, नुसत्या घंट्या ऐकू यायच्या. पहिली कडक, दुसरी खोकल्यासारखी, तिसरी बारीक. आणि सगळ्यांच्या मागून, बऱ्याच वेळाने, एक लांबलचक घुमणारी घंटी. ती विरेपर्यंत हातातल्या ब्रशवरची खळ वाळलेली असायची.

एवढी वर्षं ऐकूनही 'मीही येऊ का?' हे तीन शब्द त्याच्या तोंडातून कधी फुटले नव्हते. या वर्षी फेरीला जाणाऱ्या पोस्टातल्या बाई फाटका नकाशा कापडावर चिकटवून न्यायला आल्या आणि त्यांनीच विचारलं. बाइंडर म्हणाला, सायकल नाही. बाई म्हणाल्या, घड्याळजींची आहे की.

शेवटची घुमणारी घंटी घड्याळजींची होती. मागच्या उन्हाळ्यात ते दुकानात काम करता करता गेले. फेरीत ते कायम शेवटी असायचे, आणि घड्याळ दुरुस्त करणारा माणूस सगळीकडे उशिरा पोचतो यावर गावाने पोटभर विनोद करून घेतले होते. त्यांच्या बायकोने सायकल बाइंडरला आनंदाने दिली. "चालती राहू दे," एवढंच म्हणाली. घंटी मात्र काढून ठेवली. गजराच्या जुन्या घड्याळाची पितळी वाटी बसवून घड्याळजींनी ती स्वतः बनवली होती. तसा आवाज दुसऱ्या कुठल्याही घंटीला नव्हता.

सायकल उत्तम होती. फक्त ती डावीकडे ओढायची. बाइंडरने हँडल सरळ धरलं की ती हळूच, समजूतदारपणे, डावीकडे वळू लागायची, जणू तिकडे तिचं काही काम राहिलं आहे.

फेरीआधी सराव असायचा. मंडळाचा कप्तान होता गावातला दंतवैद्य. गळ्यात शिट्टी, तोंडात सूचना. त्याने बाइंडरला नियम समजावला.

"धुक्यात एकमेकांना दिसत नाही. म्हणून मी घंटी दिली की मागच्याने आपली द्यायची. मग त्याच्या मागच्याने. शेवटच्याने दोनदा द्यायची. दोनदा म्हणजे काय?"

"म्हणजे... मी आहे."

"म्हणजे आता मागे कोणी नाही," कप्तान म्हणाला. "शेवटचे तुम्ही. जमेल ना? नाही जमलं तर सरावातच सांगा. रस्त्यात बसून रडायचं नाही."

पहिल्या सरावाला धुकं असं होतं की बाइंडरला स्वतःचं पुढचं चाक जेमतेम दिसत होतं. समोर पोस्टातल्या बाईंचा लाल मफलर तेवढा तरंगत होता. गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंनी ओल्या शेतांचा वास येऊ लागला. पुढे कुठेतरी कप्तानची घंटी वाजली, कडक. मग बेकरीवाल्याची, खोकल्यासारखी. मग बाईंची, बारीक. बाइंडरने छाती भरून श्वास घेतला आणि नवी कोरी घंटी दोनदा वाजवली. आयुष्यात प्रथमच तो कशाच्या तरी आत होता.

आणि मग त्याच्या मागून, धुक्यातून, एक लांबलचक घुमणारी घंटी वाजली.

बाइंडरने मागे पाहिलं नाही. मागे पाहायला मान वळवावी लागते आणि त्याची मान त्या क्षणी त्याची राहिली नव्हती. पाय मात्र कमालीचे चालू लागले. इतके, की पोस्टातल्या बाईंच्या मागच्या चाकाला त्याचं पुढचं चाक घासलं.

"अहो, अंगावर काय येताय?"

"थंडी," बाइंडर म्हणाला.

घरी येऊन त्याने कोणाला काही सांगितलं नाही. दिवसभर पुस्तकं शिवली. संध्याकाळी बायकोने पाहिलं तर एका जाड पुस्तकाचा कणा पुढच्या बाजूला बसवलेला होता. उघडायला जागाच नाही.

"काय झालंय तुम्हाला?"

"मेलेला माणूस सायकल चालवेल का गं?"

बायकोने विचार केला. "कशाला चालवेल? त्याला आता कुठे पोचायची घाई आहे?"

बाइंडरला हे पटलं. पण घड्याळजींना जिवंतपणीही कुठे घाई होती, हे त्याच्या लगेच लक्षात आलं, आणि पटलेलं पुसलं गेलं.

दुसऱ्या सरावाला तेच झालं. चार जणांच्या घंट्या झाल्या, आणि नंतर ती. या वेळी जरा जवळून. पुढून कप्तानने ओरडून विचारलं, "शेवटी कोणी दिली?"

खरं सांगितलं तर फेरी संपली. या मंडळींनी त्याला न मागता बोलावलं होतं, आणि त्याने येताना एक मेलेला माणूस सोबत आणला होता.

"मीच," बाइंडर ओरडला. "हात घसरला."

"हात आवरा! दोनदा म्हणजे दोनदा!"

थोड्या वेळाने पुन्हा फेर झाला. बाइंडरने अगदी मोजून दोनदा वाजवली आणि दोन्ही हात घंटीपासून लांब, हँडलच्या टोकांना धरले. शांतता. मग मागून, सावकाश, नीट ऐकू येईल अशी ती वाजली. पितळी वाटीचा आवाज धुक्यात पसरला आणि बराच वेळ तिथेच राहिला.

बेकरीवाल्याने तो ओळखला. घड्याळजी वर्षानुवर्षं त्याच्याकडून पाव नेत, आणि दारात उभं राहून हाक मारण्याऐवजी घंटी वाजवत. तो नुसता पुढे सुटला. कप्तानला ओलांडून गेला. कप्तानला वाटलं शर्यत लागली, म्हणून तो सुटला. बाई एकट्या राहायला तयार नव्हत्या, त्या सुटल्या. बाइंडर तर आधीच सुटलेला होता. आणि जसजसा त्यांचा वेग वाढला तसतशी मागची घंटी जोरजोरात, घाईघाईने वाजू लागली.

"मागे लागलेत!" बेकरीवाला किंचाळला. "घड्याळजी, नंतर या! माझ्या घरी लहान मुलं आहेत!"

पुढच्या वळणावर तो सायकलसकट चरात गेला. सगळे थांबले. घंटीही थांबली. धुक्यात आता फक्त बेकरीवाल्याचं 'आई गं' आणि त्याच्या टोपलीतून निसटलेले पाव उताराने घरंगळत जाण्याचा मऊ आवाज होता. सगळे कान देऊन उभे राहिले. मागे, फार लांब नाही, कोणीतरी एक पाय टेकवल्यासारखं वाटलं. ते कोणीतरी वाट बघत होतं.

त्या दुपारी मंडळाची बैठक दवाखान्यात भरली. तिथे बसण्याजोगी खुर्ची एकच होती, आणि बाइंडरला तीत बसवण्यात आलं. कप्तानने सवयीने खुर्ची मागे कलती केली आणि दिवा त्याच्या तोंडावर आणला.

"कधीपासून ऐकू येतंय?"

"पहिल्या दिवसापासून," बाइंडर छताकडे बघत म्हणाला.

"आणि आम्हाला सांगितलं नाहीत?"

"तुम्ही... घरी जा म्हणाल असं वाटलं."

"सायकल त्यांची," बेकरीवाला म्हणाला. त्याच्या कपाळावर पट्टी होती. "ते सायकल न्यायला येतात, दुसरं काय? एक तर ती सायकल येईल, नाही तर मी. आणि पाव माझ्याकडे आहेत, हे लक्षात ठेवा."

पोस्टातल्या बाईंचा भुतांवर विश्वास नव्हता. पण घंटी त्यांनीही ऐकली होती. त्यांनी खाली बघत वेगळंच काढलं. "मागच्या वर्षी मीच म्हणाले होते, घड्याळजींसाठी थांबायला नको, येतील मागून."

"मी दर वर्षी म्हणायचो," बेकरीवाला म्हणाला.

कप्तानने शिट्टी बोटांत फिरवली. "ते नेहमी त्या कालव्याजवळच्या फाट्यावर काहीतरी सांगायला बघायचे. घसा साफ करायचे. तेवढ्यात मी शिट्टी मारून उजवीकडे वळायचो. काय सांगायचं होतं कोण जाणे."

नळातून एक थेंब पडला आणि चौघंही दचकली. मग कप्तानने निकाल दिला. सायकल वहिनींना परत करायची. बाइंडरला दुसरी मिळाली तर त्याने यावं, नाही तर पुढच्या हिवाळ्यात बघू.

"पुढच्या हिवाळ्यात," बाइंडर म्हणाला. त्याला त्या वाक्याचा अर्थ चांगला ठाऊक होता. आजवरचे त्याचे सगळे हिवाळे पुढचेच होते. तो खुर्चीतून उठू लागला, पण कलत्या खुर्चीतून उठता येईना. शेवटी कप्तानने कळ दाबून त्याला वर आणला.

दुसऱ्या सकाळी तो सायकल हातात धरून निघाला. धुकं कालच्याहून दाट होतं. घड्याळजींचं घर त्यांच्या बंद दुकानाच्या वर होतं, आणि जिना दुकानाच्या बाजूने. बाइंडर दुकानासमोर आला आणि थबकला.

फरशीवर चाकाची खूण होती. बारीक, ओल्या चिखलाची, ताजी. ती रस्त्यावरून आली होती, पायरी चढली होती आणि खाली पडलेल्या शटरच्या आत गेली होती. बाहेर येणारी खूण नव्हती.

हे शटर उन्हाळ्यापासून उघडलेलं नव्हतं. बाइंडर रोज त्यावरून जायचा. त्याने स्वतःला सांगितलं की सायकल इथेच भिंतीला टेकवावी आणि घरी जावं. तेवढ्यात शटरच्या आत ती वाजली. एकदाच, हलकेच, कोणी झोपेत कूस बदलावी तशी.

बाइंडरच्या हातातून सायकल सुटली आणि फरशीवर आदळली.

आतली घंटी गप्प झाली. मग शटर वर सरकू लागलं. खालून आधी दिसले ते तपकिरी बूट, घोट्यापर्यंत चिखलाने माखलेले. ते घड्याळजींचे होते. डाव्या बुटाच्या टाचेची पितळी पत्ती बाइंडरने कितीदा पाहिली होती. मग त्यांचा राखी लांब कोट. शटर कमरेपर्यंत आलं आणि बाइंडरने डोळे मिटून घेतले.

"भाऊजी, डोळे उघडा," वहिनी म्हणाल्या. "आणि आधी ती उचला. पाडायचीच असेल तर चेन वर ठेवून पाडावी माणसाने."

दुकानात भिंतभर घड्याळं होती, सगळी थांबलेली, प्रत्येक आपापल्या वेळेला. त्यांच्याखाली एक बुटकी, निळी, मुलींची सायकल उभी होती. वहिनींच्या भाचीची. तिच्या हँडलवर पितळी वाटी चकचकत होती आणि वहिनींच्या हातात फडकं होतं.

"तुम्ही?" बाइंडर म्हणाला. "मागून तुम्ही होता?"

"मग कोण असणार? सराव नको का करायला? इतक्या वर्षांत या दुकानाच्या पायरीपलीकडे सायकल नेली नव्हती मी. त्यांचे बूट घातले, थंडी लागत नाही. दोन जोड मोजे आत आहेत."

"पण मग पुढे का नाही आलात? हाक का नाही मारली?"

वहिनींनी वाटीवर फडकं फिरवलं. "कोणी बोलावलं नव्हतं. उगाच मध्ये कसं घुसायचं? तुम्ही थांबलात की मी थांबायची. घंटी तेवढी द्यायची. ते सांगायचे, धुक्यात घंटी द्यायचीच. नाही दिली तर पुढचे समजतात, हा गेला."

बाइंडर म्हणाला, "दिली तरी तसंच समजले, वहिनी."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांना कळलं. फडकं तोंडावर दाबून त्या इतक्या हसल्या की त्यांना घड्याळजींच्या स्टुलावर बसावं लागलं. "तरीच! मला वाटलं मागे पडले तर या धुक्यात एकटी राहीन, म्हणून जोरात वाजवत होते. आणि जितकं वाजवावं तितके तुम्ही पळता!"

हसणं संपल्यावर त्यांनी डोळे पुसले. मग सायकलकडे बघत म्हणाल्या, "एक विचारू? राग मानू नका. ही सायकल तुम्ही शेवटी का ठेवता?"

"म्हणजे?"

"ही कायम पुढे असायची. फेरीहून आले की मी पाणी तापवायची, आणि ते पाय शेकत सांगायचे, धुकं असं होतं, मी पुढे, मंडळी मागून येताहेत. दर वर्षी तेवढंच. एरवी फुशारकी मारणारा माणूस नव्हता. म्हणून म्हटलं, एकदा आपणही या सायकलच्या मागून जाऊन बघावं, ती पुढे कशी जाते ते. तर तुम्ही सगळ्यांच्या शेपटाला." त्यांनी आवाज खाली आणला. "तिच्यात काही बिघडलंय, की तुम्हीच कमी पडता?"

बाइंडर उभा राहिला. त्या गावात घड्याळजींची घंटी शेवटी वाजते हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. दाराच्या फटीला कान लावून त्याने प्रत्येक हिवाळ्यात ते ऐकलं होतं. भिंतीवरची सगळी घड्याळं त्याच्याकडे बघत होती.

"मी कमी पडतो," तो म्हणाला. हे वाक्य तो आयुष्यभर मनात म्हणत आला होता. आज ते प्रथमच उपयोगी पडलं.

"मग फेरीला घ्या जरा पुढे. मी मागून येते. कोणाला विचारावं लागेल का?"

"मी विचारतो," बाइंडर म्हणाला, आणि कोण बोललं हे बघायला जवळजवळ मागे वळला.

तो दवाखान्यात शिरला तेव्हा खुर्चीत एक रोगी आ वासून पडला होता आणि बेकरीवाला पट्टी बदलायला आलेला होता. बाईंना समोरच्या पोस्टातून बोलावून घेतलं. बाइंडरने एका दमात सगळं सांगितलं. इतकं सलग तो कधी बोलला नव्हता.

बेकरीवाल्याचा चेहरा आधी उजळला, मग पडला. "म्हणजे मी चरात पडलो ते वहिनींनी पाहिलं?"

"धुकं होतं."

"ऐकलं?"

"'आई गं' ऐकलं म्हणाल्या."

"आणि ते... घरी लहान मुलं आहेत, ते?"

"तेही. विचारत होत्या, कितवीत आहेत."

खुर्चीतला रोगी घशातून हसला. कप्तानने त्याच्या तोंडात आणखी एक बोळा भरला. "येऊ देत त्यांना, आनंद आहे. पण पुढे हे? पुढे कप्तान असतो. नाही तर त्याला कप्तान कशाला म्हणायचं?"

"एक दिवस दंतवैद्य म्हणू," बाई म्हणाल्या.

"आणि यांना रस्ता माहीत आहे का?"

"नाही," बाइंडर म्हणाला. "मला फक्त तुमची पाठ माहीत आहे. पण तुम्ही मागून सांगा. तुमचं ऐकलं की झालं." मग तो हळूच म्हणाला, "त्यांनी घरी एवढं एकच खोटं सांगितलंय हो. एका दिवसापुरतं खरं करू."

कप्तानने दिवा बंद केला. रोगी अजून आ वासूनच होता.

फेरीच्या सकाळी बाइंडरने शिकंजातली टोपी घातली. ती कानांवर बसली. इतकी बसली की बायको निरोप देताना काय म्हणाली ते त्याला कळलं नाही. तिने हात हलवला, त्याने हलवला.

गावाबाहेर पडेपर्यंत ठीक होतं. मग धुकं आलं. आजवर त्याच्यासमोर निदान लाल मफलर असायचा. आता समोर काहीच नव्हतं. रस्ता चाकापुढे थोडासा तयार व्हायचा आणि मागे नाहीसा व्हायचा. शेवटी असताना त्याला भीती वाटायची की मागे कोणीतरी आहे. आता पुढे होता तर वाटू लागलं की पुढेही कोणीतरी आहे, थोड्याच अंतरावर, त्याच्याच वेगाने जाणारं. त्याने घंटी दिली. मागून टोपीतून गाळून आल्यासारख्या बाकीच्या आल्या. कडक, खोकल्यासारखी, बारीक. मग ती, घुमणारी. दोनदा.

कालव्याच्या फाट्यावर कप्तानने "उजवीकडे!" म्हणून हाक दिली. मग शिट्टी मारली. मग दोन्ही एकदम. बाइंडर फाट्यावर आला तेव्हा त्याला टोपीच्या आत आपलंच रक्त सळसळताना तेवढं ऐकू येत होतं. हात गारठून लाकूड झाले होते. सायकल समजूतदारपणे डावीकडे वळली.

"अहो, चुकलं! थांबा!" कप्तान ओरडत मागे आला. त्याच्या मागे बाकीचे, कारण धुक्यात एकमेकांना सोडायचं नव्हतं.

वाट अरुंद होती आणि उतरत होती. दोन्ही बाजूंना पानगळ झालेली झाडं होती, आणि त्यांच्या फांद्या धुक्यातून अचानक हातासारख्या पुढे येत. बाइंडरला कळलं होतं की हा रस्ता नव्हे. पण त्याने ब्रेक दाबला नाही. सायकल ओढत होती आणि आता तिला अडवायची त्याला का कोण जाणे लाज वाटत होती. खाली कुठेतरी पाण्याचा आवाज येत होता. मग धूर दिसला. मग बंधाऱ्याच्या कडेला एक खोपट, एक बाक आणि चुलीवर मोठी किटली. फळीवर कप मांडून ठेवलेले होते, एकाहून कितीतरी जास्त. त्यांच्या मागे एक म्हातारी उभी होती. ती बाइंडरकडे नव्हे, सायकलकडे बघत होती.

सायकल आपोआप बाकापाशी थांबली. मागून एकेक जण धुक्यातून बाहेर पडू लागला.

"आलात का शेवटी?" म्हातारी म्हणाली.

बाइंडरने टोपी वर केली. "आम्हाला ओळखता, आजी?"

"तुम्हाला कशी ओळखणार? कधी आला नाहीत. सायकल ओळखते. दर थंडीत यायची. 'मी पुढे आलोय, आजी, मंडळी मागून येताहेत, आधण ठेवा,' म्हणायचे. मी ठेवायची. पाणी आटायचं, तुमचा पत्ता नाही. मग वरच्या रस्त्याला घंट्या ऐकू आल्या की एकटे चहा पिऊन उठायचे. ही वाट जवळची, वर त्याच रस्त्याला मिळते. तुम्ही पुढे जाईपर्यंत थांबून मागून निघायचे. म्हणायचे, आज चुकले वाटतं, पुढच्या खेपेला आणतो सगळ्यांना."

बेकरीवाल्याचं तोंड दवाखान्यातल्या रोग्यासारखं उघडं होतं. "म्हणजे आपण ज्यांना मागे टाकत होतो," तो म्हणाला, "ते..." पुढचं त्याला जमलं नाही. कप्तानने गळ्यातली शिट्टी काढली आणि खिशात ठेवली.

म्हातारीने धुक्यात बघितलं. "आणि ते कुठायत?"

सगळ्यांच्या मागून वहिनी पोचल्या होत्या. त्यांनी निळी सायकल झाडाला टेकवली, बुटांचा चिखल दगडावर पुसला आणि पितळी वाटीवर हात ठेवून तिचा घुमारा थांबवला.

"येताहेत मागून," त्या म्हणाल्या.

म्हातारीने मान डोलावली आणि फळीवर आणखी एक कप ठेवून भरला.

सगळे चहा घेऊन बाकावर बसले. बेकरीवाल्याने पाव वाटले आणि स्वतः खोपटाच्या भिंतीला पाठ लावून बसला, वाटेकडे तोंड करून. तो जास्तीचा कप बाकाच्या टोकाला वाफाळत होता. धुकं वाटेवर आत-बाहेर होत होतं. एकदा खरंच काहीतरी करकरलं आणि पोस्टातल्या बाईंनी कप्तानचा हात धरला. फांदी होती.

निघायची वेळ झाली. सगळे सायकलींकडे वळले आणि बेकरीवाला जागच्या जागी थिजला.

"तो कप," तो म्हणाला. "तो रिकामा आहे."

खरंच रिकामा होता. तळाशी थेंबसुद्धा नव्हता.

"मी नाही," कप्तान म्हणाला. पोस्टातल्या बाईंनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. म्हातारी किटली विसळत होती आणि तिला यात काही विशेष वाटत नव्हतं. बेकरीवाल्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "मग कोण प्यायलं? अहो, बोला कोणीतरी! बाइंडर, तुम्ही?"

बाइंडर सायकलवर टांग टाकून पुढे तोंड करून उभा होता. त्याने उत्तर दिलं नाही. वहिनी एकटक त्याच्या मिशीकडे बघत होत्या आणि त्यांचे खांदे बारीक हलत होते.

बाइंडरला प्रश्न ऐकूच आला नव्हता. टोपी कानांवर फार छान बसली होती. आणि पोटात दोन कप चहा गेल्यामुळे त्याला आता थंडीही वाजत नव्हती.